युगांडात सेवेला गेल्यावर पहिल्या महिन्यात दिवस कसा जातो?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: तू अहिल्यानगर जिल्ह्यातली नर्स. मंडळीच्या चार जणांच्या गटाबरोबर तीन महिन्यांसाठी युगांडाला जाणार आहेस. कंपालापासून दोनेक तासांवरचं गाव, तिथल्या अँग्लिकन मंडळीचं आरोग्य केंद्र, आणि राहायचं पाळकांच्या घरी. इथे सगळे विचारतात की तिथे रोज काय करणार, आणि तुला सांगता येत नाही. पहिले आठवडे कसे जातात, खाण्याचं काय, मसाले न्यावेत का, आजारी पडले तर काय, हे तू विचारलंस. शेवटी एक वाक्य लिहिलंस: 'लोकांनी वर्गणी काढून पाठवलंय, आणि मी तिथे नुसती बसून राहिले तर?' मी आणि माझे मिस्टर मध्य युगांडात मंडळीच्या आरोग्य केंद्रात बरीच वर्षं होतो, आता इथून जाणाऱ्या गटांची तयारी करून घेते. वयाने मोठी आहे म्हणून 'तू' म्हणते.

सामानाचे आणि औषधांचे प्रश्न सोपे आहेत, त्यांची उत्तरं पुढे देते. खरा प्रश्न ते शेवटचं वाक्य आहे. वर्गणी देणाऱ्यांना काहीतरी दाखवलं पाहिजे ही घालमेल जवळजवळ प्रत्येक गटाच्या मनात असते, आणि पहिल्या महिन्यात जे बिघडतं ते बहुतेक याच घाईने बिघडतं. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी आरोग्य शिबिर, पाचव्या दिवशी शाळेत कार्यक्रम, रविवारी उपदेश. यजमान पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. ते सगळं जमवून देतात, त्यांची नेहमीची कामं मागे पडतात, आणि आपण समजतो की काम झालं. माझं मत पक्कं आहे: पहिले तीन-चार आठवडे त्या घरात आणि त्या गावात राहायला शिकणं हेच तुझं काम. तुला शिकवणारे तिथले लोक, आणि वेग ठरवणार तिथले पाळक.

असं का म्हणते ते समजायला तू कुठे चालली आहेस ते बघ. युगांडाच्या 2014 च्या जनगणनेत सुमारे 39 टक्के लोक कॅथलिक, 32 टक्के अँग्लिकन आणि 11 टक्के पेंटेकोस्टल होते. म्हणजे दहातले आठ जण ख्रिस्ती. 2011 च्या जनगणनेप्रमाणे आपल्या महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्काही नाहीत. अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी 1877 मध्ये मध्य भागातल्या बुगांडा राज्याचे कबाका, म्हणजे राजे, मुतेसा यांच्या दरबारी पोचले, 'व्हाइट फादर्स' या कॅथलिक संघाचे मिशनरी 1879 मध्ये. त्याला दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा, मुतेसांचा मुलगा म्वांगा गादीवर असताना, दरबारातल्या तरुण ख्रिस्ती सेवकांनी विश्वासासाठी जीव दिला. 3 जून 1886 ला नामुगोंगो इथे त्यांतल्या अनेकांना जाळून मारलं. आजही 3 जूनला लाखो लोक नामुगोंगोला जमतात, कित्येक जण दिवसेंदिवस चालत येतात. 1977 मध्ये इदी अमीनच्या राजवटीत आर्चबिशप जनानी लुवुम यांची हत्या झाली. ज्या मंडळीने हे सगळं पाहिलंय तिला सुवार्ता तू पहिल्यांदा ऐकवणार नाहीस. तू एका लहान मंडळीतून मोठ्या मंडळीच्या घरी राहायला चालली आहेस. प्रार्थना कशी करायची, संकटात एकमेकांना कसं धरून ठेवायचं, हे तिथे पाहायला मिळेल, आणि त्यासाठी डोळे मोकळे हवेत. शिबिरांची धावपळ सुरू झाली की ते मोकळे राहत नाहीत.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकते. घरात वीज आहे की सौर दिवा, पाणी नळाचं की बोअरवेलवरून आणायचं, पाळकांच्या घरात माणसं किती, तुम्ही पावसाळ्यात पोचता की कोरड्या दिवसांत, यावर दिवस बराच बदलतो. गाव मध्य भागातलं आहे म्हणून मी लुगांडा भाषा आणि बुगांडाच्या चालीरीती धरून लिहिते. उत्तरेला गुलूकडे किंवा पश्चिमेला गेलात तर भाषा वेगळी, जेवण वेगळं. तारीख आपल्या हातात असेल तर मार्च ते मे आणि साधारण सप्टेंबर ते डिसेंबरची सुरुवात हे पावसाचे दिवस टाळा. तांबड्या मातीचे रस्ते तेव्हा निसरडे होतात आणि गावोगाव जाणं अडतं.

दिवसाची सुरुवात अंधारात होते. देश विषुववृत्तावर आहे, त्यामुळे वर्षभर सूर्य सातच्या जरा आधी उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. आपल्यासारखी लांबलेली संध्याकाळ नसते, बघता बघता काळोख होतो, म्हणून टॉर्च कायम जवळ ठेव. कंपालाचा भाग सुमारे 1,200 मीटर उंचीवर आहे. आफ्रिका म्हणजे भाजून काढणारं ऊन असं समजून जाऊ नकोस, पहाटे स्वेटर लागतो.

तू उठशील तेव्हा घर कधीच जागं झालेलं असेल. अंगण झाडून झालेलं असतं, मुलं 20 लिटरचे पिवळे जेरीकॅन घेऊन पाण्याला गेलेली असतात. तुला एक खुर्ची मिळेल. पहिला आठवडा सगळे तुला त्या खुर्चीवरच बसवून ठेवतील, कारण तू पाहुणी. तिथे तुझं पहिलं काम ती खुर्ची सोडणं हे आहे. पाळकीणबाईंना म्हणायचं, मला काहीतरी द्या करायला. त्या नको म्हणतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं. शेंगा सोलणं, घेवडा निवडणं, हिरवी केळी सोलणं यातलं काहीतरी हाती येईल. केळी सोलताना हात चिकाने काळे होतात आणि तुझी सोलायची पद्धत पाहून मुली हसतील. हसू दे. भाषा शिकायला स्वयंपाकघराइतकी चांगली जागा मी दुसरी पाहिली नाही. तिथे एकच वाक्य रोज दहादा ऐकू येतं आणि चुकलं तर कुणी परीक्षा घेत नाही.

भाषेत सगळ्यात आधी अभिवादन शीख. सकाळी 'वासुझे ओत्या', म्हणजे रात्र कशी गेली. काम करत असलेल्या कुणालाही 'जेबालेको', म्हणजे कष्ट घेताय, शाबास. आभाराला 'वेबाले'. पुरुषाला 'सेबो', बाईला 'न्याबो' म्हटलं की बोलण्यात आदर येतो. तिथे विचारपूस लांबते: रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, मुलं कशी आहेत. हे सगळं झाल्यावर मुद्दा. दुकानातसुद्धा आधी अभिवादन आणि मग भाव. तुला घाई असेल आणि तू सरळ 'साखर केवढ्याला' म्हणालीस तर दुकानदार साखर देईल, पण गावात बोललं जाईल.

बुगांडात बायका-मुली मोठ्यांना अभिवादन करताना किंवा जेवण वाढताना गुडघे टेकतात. आईच्या वयाची बाई तुझ्यासमोर गुडघे टेकून नमस्कार करेल तेव्हा तू गडबडून जाशील. तिला उठवायला जाऊ नकोस, त्यात तिचा अवमान होतो. तूही पटकन खाली वाक किंवा बस आणि दोन्ही हातांनी तिचा हात धर. परदेशी पाहुणीने गुडघे टेकावेत अशी अपेक्षा कुणी करत नाही, पण खाली झुकलेलं सगळ्यांना दिसतं.

वेळेबाबत एक गोष्ट आधीच माहीत हवी, नाहीतर गोंधळ होतो. लुगांडात तास सकाळी सहापासून मोजतात. त्यांचा एक म्हणजे आपले सात, त्यांचे दोन म्हणजे आपले आठ. इंग्रजीत बोलताना बहुतेक जण घड्याळाची नेहमीची वेळ सांगतात, लुगांडात बोलताना तिथली. म्हणून भेटीची वेळ ठरवताना 'सकाळी की दुपारी' हे नक्की विचारून घे. जेवणाच्या वेळाही वेगळ्या आहेत. सकाळी चहा, मग दहा-अकराला पुन्हा चहा, दुपारी एक-दोनला जेवण, संध्याकाळी चहा, आणि रात्रीचं जेवण नऊ-दहाला. आपल्याकडे आठला जेवून झोपणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात हे फार जड जातं. खोलीत फुटाणे-शेंगदाणे ठेव.

अंघोळ बहुतेक संध्याकाळी, बादली आणि घमेलं घेऊन. शौचालय घरापासून वेगळं, खड्ड्याचं असू शकतं. कपडे हाताने धुवायचे. इथे एक गोष्ट अगदी मनावर घे: बाहेर वाळत घातलेला प्रत्येक कपडा, आतले कपडे धरून, इस्त्री करूनच घालायचा. ओलसर कपड्यावर एक माशी अंडी घालते, आणि तो कपडा अंगाला लागला की अळी कातडीत शिरून गळवासारखी गाठ येते. इस्त्रीच्या उष्णतेने अंडी मरतात. वीज नसेल तर कोळशाची इस्त्री असते. तसंच अनवाणी फिरू नकोस, मातीतली एक बारीक पिसू पायाच्या बोटांत शिरते. व्हिक्टोरिया सरोवर कितीही सुंदर दिसलं तरी काठच्या उथळ पाण्यात उतरू नकोस, त्यात बिलहार्झिया या आजाराचे, कातडीतून शरीरात शिरणारे जंतू असतात.

आता तुझं आरोग्य केंद्र. युगांडात आरोग्य केंद्रांना दोन, तीन, चार अशा पायऱ्या आहेत. दोनमध्ये साधी तपासणी आणि औषधं, तीनमध्ये बाळंतपण आणि प्रयोगशाळा, चारमध्ये शस्त्रक्रियेची सोय. तुझं केंद्र कोणत्या पायरीवर आहे ते आत्ताच विचारून घे, म्हणजे काय पाहायला मिळेल याचा अंदाज येईल. पण गेल्या गेल्या रुग्णाला हात लावायचा नाही. युगांडात नर्स म्हणून काम करायला तिथल्या नर्सेस अँड मिडवाइव्ज कौन्सिलची नोंदणी लागते, पाहुण्या नर्सलाही. 'मिशनचं काम आहे, कोण विचारतंय' असं तुला कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. आपल्या गावात परदेशातून आलेली बाई नोंदणीशिवाय इंजेक्शन देऊ लागली तर आपण काय म्हणू, तेच तिथे लागू आहे. परवाना हातात येईपर्यंत नोंदवहीत नावं लिही, बाळांची वजनं घेताना मदत कर, औषधांच्या खोलीतली मुदत संपलेली पाकिटं वेगळी काढ, तिथल्या सिस्टरच्या शेजारी बसून ती रुग्णाशी कशी बोलते ते ऐक. गावोगाव फिरणारे आरोग्य स्वयंसेवक असतात, त्यांच्यामागे चाल. कोणत्या घरात कोण आजारी आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. परवाना आल्यावरही पहिले दिवस त्यांच्या पद्धतीने काम कर. आपल्याकडे वेगळं करतात हे सांगायला पुढे खूप वेळ आहे.

मलेरियाबद्दल तुला नर्स म्हणून माहीत आहेच, तरी लिहिते, कारण आपण इथल्या अनुभवावर विसंबतो. युगांडात मलेरिया बारा महिने, जवळजवळ सगळ्या देशात आहे, आणि तो बहुतांशी फाल्सिपेरम, म्हणजे सगळ्यात धोकादायक प्रकारचा. क्लोरोक्विनचा तिथे उपयोग नाही. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते डॉक्टरांशी बोलून ठरव. डॉक्सिसायक्लिन निवडलं तर जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परत आल्यावर चार आठवडे घ्यावं लागतं, आणि उन्हाने कातडी भाजते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदाच घ्यायचं, पण दोन-तीन आठवडे आधी सुरू करावं लागतं आणि काहींना झोपेचा, मनाचा त्रास होतो. गोळी ठरलेल्या वेळी, जेवणानंतर, चौघांनी मिळून घ्या, म्हणजे कुणी विसरत नाही. औषधी मच्छरदाणी खोचून झोप.

ताप आला तर पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट बघायची आपली सवय तिथे घातक आहे. त्याच दिवशी तपासणी. डास चावल्यापासून ताप यायला साधारण सात दिवस तरी लागतात, म्हणून पोचल्या पोचल्या आलेला ताप बहुधा दुसऱ्या कशाचा असतो, पण दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक ताप मलेरिया समजूनच तपासायचा. परत आल्यावर काही महिन्यांतही ताप आला तर डॉक्टरांना 'मी युगांडात होते' हे पहिल्या वाक्यात सांग. आणि केंद्रात सुई टोचली तर लाजून गप्प बसू नकोस. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती तिथे मिळतात.

जेवणाकडे येते. मातोके म्हणजे हिरवी केळी सोलून, केळीच्या पानात गुंडाळून, वाफेवर शिजवून कुस्करलेली. चव सौम्य, मीठही बेताचं. सोबत शेंगदाण्याचं दाट कालवण असतं, ते आपल्या उपवासाच्या दाण्याच्या आमटीची सख्खी बहीण आहे, फक्त मिरची नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट पोशो, घेवडा, रताळी, कसावा, 'डोडो' नावाने मिळणारी माठाची भाजी हे रोजचं. चहा दुधाचा, आल्याचा. आणि चपाती तुला सगळीकडे दिसेल. तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांकडून आलेली ही चपाती आता पूर्णपणे युगांडाची झाली आहे. अंड्याचं ऑम्लेट आत घालून गुंडाळी करतात त्याला 'रोलेक्स' म्हणतात, रस्त्याकडेला गरम तव्यावरचं खा.

मसाले न्यावेत का? न्यावेत, पण थोडे: कांदा-लसूण मसाल्याचा एक डबा आणि लोणच्याची एक बाटली. यजमानांच्या ताटावर मसाला भुरभुरायचा नाही. त्यांनी रांधलेलं पहिले दोन-तीन आठवडे जसं आहे तसं खा. मग एके दिवशी पाळकीणबाईंची परवानगी घेऊन सगळ्या घरासाठी तूच स्वयंपाक कर. ताटात डोंगर वाढतात, म्हणून सुरुवातीलाच 'थोडं वाढा, मग पुन्हा घेईन' असं म्हण. वाढलेलं टाकणं बरं दिसत नाही. पाणी मात्र उकळलेलंच, यात भीड ठेवायची नाही.

एक गोष्ट गोऱ्या मिशनऱ्यांच्या अनुभवावरून तुला कळणार नाही, म्हणून मी आवर्जून सांगते. रस्त्यात मुलं तुला 'मुयिंदी' अशी हाक मारतील, म्हणजे भारतीय. युगांडात भारतीय म्हणजे दुकानदार, कारखानदार. 1896 ते 1901 या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधायला भारतातून मजूर नेले, त्याच काळात आणि पुढेही व्यापारी आले. ऑगस्ट 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला 90 दिवस दिले. 1986 नंतर अनेक कुटुंबं परतली, आणि आज व्यापारात त्यांचं मोठं स्थान आहे. त्यामुळे लोक तुला नोकरी मागतील, मालाचा भाव विचारतील, आणि कुणीतरी भारतीय मालकाबद्दलची कटू आठवणही सांगेल. तिथे वाद घालू नकोस, आपल्या लोकांची बाजू मांडायला जाऊ नकोस. ऐकून घे. मालक किंवा ग्राहक म्हणून न आलेली, त्यांच्याच पाळकांच्या घरी जेवणारी, मुलांबरोबर पाण्याला जाणारी भारतीय मुलगी अनेकांनी पाहिलेली नसते. तुझ्या तिथे असण्याचा मोठा अर्थ यातच आहे असं मला मनापासून वाटतं. त्याचसाठी पहिल्या महिन्यात दर शनिवारी कंपालाला जाऊन भारतीय हॉटेलात जेवायचा मोह टाळ. तूरडाळ, कणीक सगळं तिथे मिळतं, पण महिनाभराने आणलंस तरी चालेल.

कपड्यांचं म्हणशील तर सलवार-कमीज किंवा गुडघ्याखालचा झगा गावात चालतो. रविवारी साडी नेस, बायकांना फार आवडते. त्या स्वतः गोमेसी नेसतात, खांद्यावर टोकदार बाह्या आणि कमरेला रुंद पट्टा असलेला पायघोळ पोशाख. 1905 च्या सुमाराला गायाझाच्या मिशन शाळेतल्या मुलींसाठी एका गोमिश आडनावाच्या गोवेकर शिंप्याने तो शिवला आणि त्याचंच नाव त्याला पडलं असं सांगतात.

रविवारची उपासना लांब असते, दोन-तीन तास सहज, आणि ढोल वाजतात. पाहुण्यांना उभं करून बोलायला सांगतात. तिथल्या विश्वासणाऱ्यांवर 1930 च्या दशकापासून पसरलेल्या पूर्व आफ्रिकी संजीवनाचा, म्हणजे विश्वास नव्याने जागवणाऱ्या चळवळीचा, मोठा ठसा आहे, त्यामुळे उभा राहिलेला माणूस आधी तारण पावल्याची साक्ष देतो आणि मग बोलतो. तू थोडक्यात बोल: नाव, गाव, आपल्या मंडळीचा सलाम, एक मराठी गीत. पहिल्या रविवारी उपदेश कर म्हणाले तर 'अजून तुमच्यापासून शिकते आहे, पुढे सांगाल तेव्हा करीन' असं नम्रपणे सांग. अर्पणात लोक अंडी, केळीचा घड, जिवंत कोंबडीही आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. आपल्याकडे सुगीच्या उपासनेला होतो तसाच, म्हणून तुला ओळखीचं वाटेल. बोली लाव, पण सगळ्यात चढी बोली लावून गावकऱ्यांना मागे टाकू नकोस.

पैशांवरून पहिल्या महिन्यात नक्की अडचण येईल. शाळेची फी हा तिथल्या प्रत्येक घराचा घोर आहे. वर्षात तीन सत्रं, आणि प्रत्येक सत्राच्या तोंडावर कुणीतरी तुझ्याकडे येईल. गरज खरी असते, मागणारा लबाड नसतो. तरीही एकटीने एकालाही शब्द द्यायचा नाही. 'मी ज्यांच्या घरी आहे त्यांच्याशी बोलून सांगते' एवढंच म्हणायचं, आणि खरोखर पाळकांशी बोलायचं. कोणाच्या घरी काय परिस्थिती आहे ते त्यांना माहीत असतं. गटाला मदत करायचीच असेल तर ती तिथल्या मंडळीच्या समितीमार्फत, तिथून परत निघताना. रोजच्या खर्चासाठी डॉलरच्या नव्या, स्वच्छ, मोठ्या नोटा ने, जुन्या किंवा लहान नोटांना भाव कमी देतात. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतलं की मोबाइलवरून पैसे देता येतात, गावातही. तिथल्या शिलिंगमध्ये रकमा हजारांत आणि लाखांत असतात, ऐकून दचकू नकोस. बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, घ्यावी लागली तर हेल्मेट घाल, आणि रात्री नकोच.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: पहिला आठवडा खुर्चीतून उठण्याचा, दुसरा अभिवादनांचा आणि नोंदवहीचा, तिसऱ्यात हळूहळू लोक तुला नावाने हाक मारू लागतात. आणि नेमकं याच सुमाराला मन खचतं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी किंवा तिसऱ्यात हे बहुतेकांना होतं. नवलाई ओसरलेली असते, झोप पुरेशी नसते, भाषा येत नाही, दिवसभर प्रत्येक लहान गोष्टीकडे लक्ष देऊन मेंदू थकलेला असतो. मग रडू येतं, आणि राग निघतो तो आपल्याच गटातल्या माणसांवर. कुणी मोठ्याने घोरतं, कुणी सारखं फोनवर असतं, एवढ्यावरून अबोला धरलेले गट मी पाहिलेत. आधीच ठरवून टाका: रोज संध्याकाळी चौघांनी अर्धा तास एकत्र बसायचं, मराठीत बोलायचं, मराठीत प्रार्थना करायची. बाकी वेळ यजमानांसमोर कोपऱ्यात मराठी कुजबुज नको. आठवड्यातून अर्धा दिवस खरी विश्रांती. घरी फोन आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी. रोज फोन केला की मन गावात रुजत नाही, आणि तुझ्या एका वाईट दिवसाची काळजी आई आठवडाभर करत राहते.

प्रार्थनेला एकांत मिळणार नाही, हेही माहीत असू दे. घर माणसांनी भरलेलं असतं. पण पाळकांच्या घरी कौटुंबिक प्रार्थना होते, तिला रोज बस, शब्द कळले नाहीत तरी. वाचायचा उतारा कोणता ते विचार आणि तोच आपल्या छापील मराठी पवित्र शास्त्रात उघड. ते लुगांडात वाचतील तेव्हा तुझं बोट मराठी ओळींवरून चालेल. काही दिवसांत नावं आणि शब्द आपोआप ओळखीचे होतात. मात्र सलग काही रात्री झोप लागली नाही, जेवण जात नाही, भीती वाटत राहते, असं झालं तर ते लपवायचं नाही. गटप्रमुखाला आणि पाळकीणबाईंना सांगायचं. गरज पडली तर लवकर परत यायचं, आणि इथल्या मंडळीने त्यावर एक शब्दही विचारू नये.

इथल्या मंडळीबद्दल माझी एक आग्रहाची विनंती आहे. निघायच्या आधीच्या रविवारी तुमच्या पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर करावं की पहिला महिनाभर या चौघांकडून फोटो, अहवाल, आकडे काहीही मागायचं नाही, फक्त प्रार्थना करायची. हे पाळकांच्या तोंडून आलं तर वर्गणीदार समजून घेतात, तुझ्याकडून आलं तर ती सबब वाटते. फोटोंची मागणी सुरू झाली की माणूस कामाकडे न बघता कॅमेऱ्यात काय येईल ते बघू लागतो. रुग्णांचे फोटो कधीच नाहीत, आणि लोकांच्या लेकरांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय आपल्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. अनाथाश्रमाला भेट देऊन मुलांना जीव लावून तीन महिन्यांनी निघून येणं हेही मला योग्य वाटत नाही. त्या मुलांना सोडून जाणाऱ्यांची सवय करावी लागते.

शेवटी कागदपत्रं, कारण ही आत्ताच सुरू करायला हवीत. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. युगांडात शिरताना ते लागतं आणि परत येताना भारतातही दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणून ते पासपोर्टबरोबर हातातल्या पिशवीत ठेव. पर्यटक व्हिसावर आरोग्य केंद्रात काम करायचं नसतं. कोणता परवाना लागेल ते तिथल्या बिशपांच्या कार्यालयाला लेखी विचार, त्यांनी असे पाहुणे आधी आणलेले असतात. नर्सिंग नोंदणीसाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून लागणारी पत्रं वेळ घेतात, ती या आठवड्यातच मागव. तिथे तीन चौकोनी पिनांचे प्लग असतात, दोन अॅडॉप्टर घे. आणि विमानाचं तिकीट अजून काढलं नसेल तर आधी ही पत्रं हातात येऊ देत, मग तारीख ठरवा.